मुलानं एकदाच सांगावं: पोक्सोच्या तक्रारीपासून निकालापर्यंत पालकांसाठी वाटाड्या

सरकारी रुग्णालयाच्या बाकावर नऊ वर्षांची एक मुलगी फ्रॉकच्या काठाचा सुटलेला दोरा ओढत बसली होती. सकाळपासून तिनं तीच हकीकत चार वेळा सांगितली होती. आधी आईला, मग शाळेतल्या बाईंना, मग पोलीस ठाण्यात, मग केसपेपर काढणाऱ्या डॉक्टरांना. दुपारी आणखी एक जण वही घेऊन समोर आलं आणि म्हणालं, "हं, सांग बाळा, काय झालं?" मुलीनं मान वर न करता उत्तर दिलं, "आईला विचारा. तिला आता पाठ झालंय."

ओळख पटू नये म्हणून यातले तपशील मी बदलले आहेत, पण ते वाक्य तिचंच आहे. मी पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या खटल्यांमध्ये मुलांसोबत 'सपोर्ट पर्सन' म्हणून काम करते. ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टाच्या व्हरांड्यात मुलाच्या शेजारी बसणं, पुढे काय होणार आहे ते त्याला समजेल अशा भाषेत सांगणं आणि त्याच्या वतीनं मागण्या करणं, हे ते काम. या कामात एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. घडलेल्या प्रसंगाइतकाच त्रास मुलाला तो पुन्हा पुन्हा सांगण्याचा होतो. तो कमी करण्याची सोय आपल्या कायद्यात आहे, मात्र ती आपोआप मिळत नाही, नाव घेऊन मागावी लागते. काय मागायचं, कुणाकडे आणि कधी, ते इथं क्रमानं लिहिते आहे.

मूल सांगतं तेव्हा

मूल वेळ ठरवून सांगत नाही. तुम्ही पोळ्या लाटत असता आणि ते ओट्याजवळ येऊन म्हणतं, "मला उद्यापासून त्या काकांकडे शिकवणीला नाही जायचं." किंवा अंघोळीच्या वेळी अंग चोरतं. त्या क्षणी गॅस बंद करा आणि मुलाच्या उंचीला बसा. तुमचा चेहरा ते वाचत असतं. तुम्ही किंचाळलात किंवा रडायला लागलात, तर ते तिथंच थांबतं आणि पुन्हा कधी बोलेल याचा भरवसा नाही.

म्हणायचं एवढंच: "बरं झालं मला सांगितलंस. तुझी यात काही चूक नाही." नंतर "मग काय झालं?" आणि "अजून काही सांगायचंय?" याच्या पलीकडे विचारू नका. "त्यानं इथं हात लावला का? असं केलं का?" असे उत्तर आत दडलेले प्रश्न तर मुळीच नकोत. घाबरलेलं मूल समोरच्याच्या मनासारखं हो म्हणतं, आणि वर्षभरानं आरोपीचे वकील नेमका हाच धागा पकडतात: मुलाला आईनं पढवलंय.

"मी कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते तुम्हाला मोडावं लागणार आहे. त्याऐवजी म्हणा, "तुला मदत करू शकतील अशाच माणसांना मी सांगेन, आणि आधी तुला सांगून." बाबांसमोर, आजीसमोर, मामासमोर मुलाला पुन्हा उभं करून वदवून घेऊ नका. मोबाईलवर त्याचं बोलणं चित्रित करू नका. ज्याचं नाव आलं त्याच्या दारात जाऊन भांडू नका, त्यानं पुरावा नष्ट होतो आणि समोरचा सावध होतो.

मूल झोपलं की मात्र वही काढा. तारीख, वेळ, मूल कुठं होतं, काय करत होतं आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. मूल "शूची जागा" म्हणालं असेल तर तेच लिहा, तुमचा सभ्य शब्द घालू नका. या एका पानामुळे पुढचे निम्मे प्रश्न मुलाला न विचारता सुटतात. पोलिसांना आणि डॉक्टरांना आधी तुम्ही सांगू शकता. फोनवर मेसेज किंवा फोटो आले असतील तर काहीही पुसू नका आणि तो फोनही बाजूला ठेवून द्या.

अंगावरचे कपडे आणि दवाखाना

प्रकार नुकताच घडला असेल तर अंघोळ घालायची घाई करू नका, हे सांगताना मला दरवेळी जड जातं. आईचा पहिला हात पाण्याकडेच जातो. पण शारीरिक पुरावा साधारण ९६ तासांच्या आत घेतला तर हाती लागण्याची शक्यता असते. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल राहते आणि पुरावा खराब होतो. अंघोळ घालून झाली असेल तरीही जा. महिन्यांपूर्वीची गोष्ट असेल तरीही जा. शरीरावर खूण नसणं म्हणजे काही घडलंच नाही असं नव्हे.

दवाखान्यात दोन गोष्टींसाठी ठाम राहा. पहिली, एफआयआर नोंदवलेली नसली तरी उपचार आणि तपासणी होऊ शकते. पोक्सोच्या कलम २७ मध्ये तसं स्पष्ट आहे, आणि २०२० च्या नियमांनुसार तातडीच्या उपचारांसाठी कोणताही डॉक्टर आधी पोलिसांचं किंवा कोर्टाचं पत्र मागू शकत नाही. दवाखाना सरकारी असो की खाजगी, उपचार मोफत द्यायचे आहेत. दुसरी, मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची आणि मुलाचा विश्वास आहे असं माणूस त्या वेळी शेजारी हवं. जुन्या पद्धतीची, योनीत बोटं घालून करायची दोन बोटांची चाचणी कुणी करू लागलं तर तिथंच थांबवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती करणं म्हणजे गैरवर्तन ठरवलं आहे.

एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, तेव्हा स्वतःहून विचारा. वयात आलेली मुलगी असेल तर गर्भ राहू नये यासाठीच्या गोळीबद्दलही विचारा. गर्भ राहिलाच असेल, तर बलात्कारपीडित आणि अल्पवयीन मुलींसाठी गर्भपाताची मुदत २४ आठवड्यांपर्यंत आहे. त्यापुढे उच्च न्यायालयात जावं लागू शकतं, म्हणून एकही दिवस घालवू नका.

कळवायचं की नाही

हा प्रश्न घरोघरी रात्र रात्र चघळला जातो. अब्रू, मुलीचं पुढे लग्न, "आपलाच माणूस आहे, मिटवून टाकू." कायद्यानं हा प्रश्न आपल्या हाती ठेवलेलाच नाही. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं ज्याला ज्याला कळतं, त्याच्यावर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखानं दडपलं तर एक वर्षापर्यंत. मुलावर मात्र हे बंधन नाही. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

शाळांच्या मुख्याध्यापकांनी आणि वसतिगृहांच्या अधीक्षकांनी एक निकाल लक्षात ठेवावा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं पोलिसांना कळवलं नाही म्हणून गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयानं तो रद्द केला, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा उभा केला आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं सांगितलं. "आधी आम्ही अंतर्गत चौकशी करतो" असं म्हणणाऱ्या प्रत्येक शाळेला हे लागू आहे. शाळेची चौकशी म्हणजे मुलाला आणखी चार अनोळखी माणसांपुढं तेच सांगायला लावणं.

कुठं कळवायचं? कोणत्याही पोलीस ठाण्यात. घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी शून्य क्रमांकानं एफआयआर घ्यावीच लागते. तातडीच्या मदतीसाठी ११२ आहे. मुलांसाठीची हेल्पलाईन १०९८ आहे, जी १९९६ मध्ये मुंबईतूनच सुरू झाली आणि आता सरकार चालवतं. तुमच्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षातही तुम्ही जाऊ शकता. माझा सल्ला असा की ठाण्यात पहिल्या फेरीला मुलाला नेऊच नका. एका पालकानं वही घेऊन जावं, दुसऱ्यानं मुलापाशी घरी थांबावं.

जबाब

पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्यातलं कलम २४ प्रत्येक आईबापानं पाठ करावं असं आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा. शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, पीएसआयपेक्षा कमी दर्जाची नको. अंगावर गणवेश नको. आरोपी समोर येता कामा नये. आणि कोणत्याही कारणानं मुलाला रात्री ठाण्यात थांबवायचं नाही.

म्हणून ठाण्यात गेल्यावर असं म्हणा: "मॅडम, कलम २४ प्रमाणे जबाब आमच्या घरी घ्यावा अशी विनंती आहे. साध्या कपड्यात याल का? आणि कलम २६ प्रमाणे शक्य असेल तर रेकॉर्डिंग करा, म्हणजे मुलीला पुन्हा सांगावं लागणार नाही." कलमाचा आकडा कानावर पडला की खुर्चीतलं माणूस सावरून बसतं. तरी टाळाटाळ झाली तर तेच कागदावर लिहून द्या आणि पोच घ्या. गुन्हाच नोंदवून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना लेखी तक्रार द्या, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर लोक रेल्वे रुळांवर उतरले, त्या संतापामागे तक्रार नोंदवायला झालेल्या दिरंगाईचा मोठा वाटा होता. बसायला सांगून तासन् तास ताटकळत ठेवलं तर तुम्ही आल्याची वेळ अर्जावर घाला.

घरी जबाब घेतला जातो तेव्हा काय करावं ते सांगते, कारण इथं थोडी तयारी केली की खूप फरक पडतो. टीव्ही बंद, शेजारीपाजारी बाहेर. मुलाच्या हातात काहीतरी असू द्या, माती, रंगखडू, जुनी बाहुली. मी एकदा एका मुलाला उशीचा अभ्रा घालायला आणि काढायला लावला होता. तो अभ्रा घालत, काढत, अडखळत सगळं सांगून मोकळा झाला आणि अधिकारी बाईंनीही घाई केली नाही. मुलाला आधी सांगा: आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणायचं, प्रश्न कळला नाही तर 'कळलं नाही' म्हणायचं, मध्येच शू लागली तर सांगायचं. मूल घरी कोरकू, गोंडी, कोकणी किंवा आणखी कोणती भाषा बोलत असेल तर दुभाषी मागा. ऐकण्या-बोलण्याची अडचण असेल तर विशेष शिक्षक मागा. हे दोन्ही कायद्यात आहे.

सही करण्याआधी एफआयआर सावकाश वाचा. मुलाचे शब्द तसेच आहेत का? एकापेक्षा जास्त वेळा घडलं असेल तर तसा उल्लेख आहे का? नक्की तारीख आठवत नसेल तर अंदाजानं टाकू देऊ नका. "गणपतीच्या सुट्टीत", "सहामाहीच्या आधी" असं लिहायला सांगा. चुकलेली तारीख कोर्टात मुलाच्या अंगावर येते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. २०२० च्या नियमांना जोडलेला 'फॉर्म ए' मागून घ्या, त्यात मुलाचे सगळे हक्क एकेक करून दिले आहेत आणि तो देणं पोलिसांचं काम आहे.

वयाचा पुरावा याच वेळी काढून ठेवा: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा महापालिकेचा, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आधार कार्ड वयासाठी पुरत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या खटल्यात पुष्कळ भांडण वयावरूनच होतं.

सोबतीला एक माणूस मागा

पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला, म्हणजे संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीला, आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. आरोपी घरातलाच असेल, किंवा मुलाला घर किंवा आईबापांचा आधार नसेल, तर मुलाला २४ तासांत समितीपुढं हजर करतात आणि मूल कुठं राहील याचा निर्णय समितीनं तीन दिवसांत घ्यायचा असतो. समिती म्हणजे मुलाला हिरावून नेणारी संस्था असा समज खेड्यापाड्यांत आहे. आई सुरक्षित आणि मुलाच्या बाजूनं उभी असेल तर तेही समितीपुढं नीट मांडा, मावशीचं किंवा आजीचं घर सुचवा.

समितीकडे मागायची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे सपोर्ट पर्सन. कागदावर सहाय्यक व्यक्ती. साधा अर्ज करा: "आमच्या मुलीसाठी पोक्सो नियम ४(८) प्रमाणे सहाय्यक व्यक्ती नेमावी." त्यासाठी पैसे लागत नाहीत. ही व्यक्ती खटला संपेपर्यंत सोबत राहते, गोपनीयता पाळते, दर महिन्याला समितीला अहवाल देते. न पटल्यास मूल कारण न सांगता तिला नको म्हणू शकतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही सोय आहे हे प्रत्येक कुटुंबाला कळलंच पाहिजे. तरी आजही दहा कुटुंबांना विचारलं तर बहुतेकांनी हे नावच ऐकलेलं नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आमचं रोजचं काम दिसायला किरकोळ असतं. तारीख पडली का हे फोन करून विचारणं, म्हणजे मूल शाळा बुडवून फुकट हेलपाटा मारणार नाही. कोर्टाच्या कोणत्या दारातून न्यायचं हे आदल्या दिवशी पाहून येणं. सरकारी वकिलांना मुलाबद्दल चार ओळी लिहून देणं, ज्यानं तेच प्रश्न पुन्हा विचारले जात नाहीत.

एका छताखाली: ही कल्पना कुठून आली

मुलाला इकडून तिकडे नाचवण्याऐवजी सगळ्यांनी मुलाकडे यावं, ही कल्पना प्रत्यक्षात उतरली ती १९८५ मध्ये, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात हंट्सव्हिलला. बड क्रेमर हे तिथले जिल्हा सरकारी वकील. पोलीस, डॉक्टर, समुपदेशक आणि वकील या सगळ्यांनी एकाच बालस्नेही जागी यायचं, प्रशिक्षित माणसानं एकदा नीट मुलाखत घ्यायची आणि बाकीच्यांनी तीच वापरायची, असं त्यांनी सुरू केलं. आज तिथं अशी नऊशेच्या वर केंद्रं आहेत आणि अनेक राज्यांनी त्यांना स्वतःच्या कायद्यात जागा दिली आहे. टेक्सासच्या कुटुंब कायद्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र भाग आहे, फ्लोरिडाच्या कायद्यात केंद्र कसं असावं याचे निकष आहेत. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे जाणून घ्यावं, कारण न्यू जर्सी आणि टेक्साससारख्या राज्यांत कळवण्याचं बंधन फक्त शिक्षक-डॉक्टरांवर नसून प्रत्येक माणसावर आहे. "आपल्या मंडळातली गोष्ट मंडळातच राहू दे" हे तिथंही चालत नाही.

आपल्याकडे या दिशेनं पहिलं पाऊल राज्याच्या कायद्यात पडलं ते गोव्यात. १९९१ मध्ये मडगावात मुलांसाठी आश्रम चालवणारा फ्रेडी पीट्स तिथल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी पकडला गेला, १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. तिथं जे उघड झालं त्यानं अख्खा गोवा हादरला, आणि मुलांसाठी काम करणाऱ्या लोकांनी नेट धरल्यावर गोवा बाल अधिनियम २००३ आला, पोक्सोच्या नऊ वर्षं आधी. त्यात बाल न्यायालय आहे, तपासात आणि खटल्यात मुलाला सावरण्यासाठी पीडित साहाय्य कक्ष आहे, आणि फोटो धुणारा स्टुडिओवालाही मुलांची अश्लील छायाचित्रं दिसली तर कळवायला बांधील आहे. गोव्यातल्या पालकांनी या कक्षाची मागणी पोलिसांकडे आणि बाल न्यायालयात नाव घेऊन करावी. हैदराबादच्या पोलिसांनी २०१६ मध्ये 'भरोसा' केंद्र उघडून जबाब, वैद्यकीय मदत आणि समुपदेशन एका जागी आणलं.

महाराष्ट्राचा असा स्वतंत्र कायदा नाही. आपल्याकडे वन स्टॉप सेंटर म्हणजे 'सखी' केंद्रं आहेत, तिथं अठरा वर्षांखालच्या मुलींनाही मदत मिळते. मुलग्यांसाठी ही दारं अजून पुरती उघडलेली नाहीत. पोक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, आपल्या व्यवस्थेनंही तो करू नये, असं मी जिथं संधी मिळेल तिथं मांडते. तोवर पोक्सोच्या कलमांमधून तुम्हालाच हे छत बांधून घ्यायचं आहे.

दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब, आणि मग लांबलचक वाट

पोलिसांच्या जबाबानंतर दंडाधिकाऱ्यांपुढे एक जबाब होतो. लोक अजून त्याला "एकशे चौसष्टचा" म्हणतात, कारण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १६४ होतं; १ जुलै २०२४ पासून तो नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली येतो. इथं आरोपीचा वकील नसतो, मुलाच्या भरवशाचं माणूस असतं. दंडाधिकारी मुलाच्याच शब्दांत लिहून घेतात. सकाळची वेळ मागा, मूल जेवून-खाऊन असेल असं बघा.

तपास दोन महिन्यांत पूर्ण करायचा असतो आणि ९० दिवसांच्या आत प्रगती तक्रारदाराला कळवायची असते. आरोपपत्र दाखल झालं की त्याच्या कागदपत्रांची प्रत मुलाच्या कुटुंबाला मिळते. मागून घ्या. आरोपीनं जामीन मागितला तर तुम्हाला नोटीस मिळायला हवी आणि तुमचं म्हणणं ऐकलं जायला हवं, हे मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं. आरोपी त्याच गल्लीत राहत असेल, मुलीच्या शाळेच्या वाटेवर त्याचं दुकान असेल, तर ते त्या वेळी लेखी सांगा. धमकी आली, "पैसे घ्या आणि मागे घ्या" असा निरोप आला, तर तो दिवस आणि तो माणूस वहीत लिहा आणि तपास अधिकाऱ्याला कळवा. हा आपापसात तडजोड करून मिटवण्याचा गुन्हा नाही.

या महिन्यांत मुलाचं नाव, फोटो, शाळा, घर काहीही बाहेर जाऊ देऊ नका. कलम २३ नं ते प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. "न्याय द्या" म्हणून मुलीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवणारे नातेवाईकही यात अडकू शकतात. आणि मुलाचं खेळणं, शाळा, शिमगा, दिवाळी चालू ठेवा. घरातली सगळी कुजबुज केसबद्दलच असेल तर मुलाला वाटतं, आपल्यामुळेच घर बिघडलं.

साक्ष

न्यायालयानं गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एक वर्षात खटला, असं कलम ३५ म्हणतं. प्रत्यक्षात उशीर होतो. म्हणून साक्षीच्या आधी, मुलाला काय बोलायचं ते न शिकवता, जागा दाखवून आणा. रिकाम्या कोर्टात न्यायाधीश कुठं बसतात, तू कुठं, मी कुठं, पडदा कुठं असेल. सपोर्ट पर्सन किंवा सरकारी वकील हे घडवून आणू शकतात.

कोर्टाकडे मागता येतं ते असं. सुनावणी इन कॅमेरा, म्हणजे बाहेरचं कुणी आत नाही. आरोपी मुलाला दिसू नये म्हणून पडदा किंवा व्हिडिओवरून साक्ष. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी प्रश्न थेट मुलाला विचारायचे नाहीत, न्यायाधीशांना द्यायचे आणि त्यांनी ते मुलाला विचारायचे, हे कलम ३३(२). मध्ये मध्ये विश्रांती. दरडावणी नाही, चारित्र्यावर शिंतोडे नाहीत. आणि ३३(५): मुलाला साक्षीसाठी पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही. एका खटल्यात उलटतपासणी तिसऱ्यांदा पुढं ढकलण्याची मागणी झाली तेव्हा सरकारी वकिलांनी हेच कलम वाचून दाखवलं. न्यायाधीशांनी त्याच दुपारी साक्ष पुरी केली, आणि परतताना बसमध्ये ते मूल माझ्या मांडीवर डोकं टेकून डेपो येईपर्यंत झोपलं.

न्यायालयाच्या आवारात वेगळी खोली, वेगळी वाट, खेळणी असलेलं असुरक्षित साक्षीदारांचं, म्हणजे मुलांसारख्या सहज दबून जाणाऱ्या साक्षीदारांसाठीचं केंद्र आहे का ते विचारा. २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अशी केंद्रं उभारायला सांगितली. त्याच न्यायालयाच्या स्मृती बडदे खटल्यातल्या जानेवारी २०२२ च्या आदेशानं ती प्रत्येक जिल्ह्यात व्हायची आहेत. तुमच्याकडे नसेल तर न्यायाधीशांच्या दालनात साक्ष घ्यावी असा अर्ज द्या.

स्वतःचा वकील लावण्याचा हक्क कलम ४० नं दिला आहे. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं.

पैशांची मदत

तीन दारं आहेत. तातडीचा प्रवास, कपडे, खाणं यासाठी बाल कल्याण समिती शिफारस करू शकते आणि ती रक्कम आठवड्यात मिळायची असते. विशेष न्यायालय खटला चालू असतानाच अंतरिम भरपाई देऊ शकतं, त्यासाठी शिक्षा होण्याची वाट पाहावी लागत नाही. तिसरं, महाराष्ट्राची मनोधैर्य योजना, २ ऑक्टोबर २०१३ पासूनची. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करायचा, काही प्रकारांत दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते. एफआयआर, वैद्यकीय अहवाल, वयाचा दाखला आणि बँक पासबुक यांच्या प्रती जोडा.

समुपदेशन निकालाच्या दिवशी थांबवू नका. मुलं बारा-तेराव्या वर्षी, मग पुन्हा लग्नाचं वय झाल्यावर, जुन्या गोष्टीकडे नव्यानं वळतात. निकाल विरुद्ध गेला तर अपिलासाठी प्रत लगेच काढा आणि मुलाला सांगा की कोर्टाला पुरावा कमी पडला, तू खोटा ठरला नाहीस. तुमची ती वही, एफआयआर, निकालाची प्रत, सगळं एका फाईलमध्ये बांधून कपाटात वरच्या फळीवर, मुलाच्या हाती सहज लागणार नाही असं ठेवा. मोठेपणी त्यानं स्वतःहून मागितली, तर काही न विचारता काढून द्या.